आठ पूर्णांक पस्तीसच्या खालची ओळ

मित्रांनो, जेवण झाल्यावर तुम्ही ज्या नळावर आपापली ताटं विसळता, त्या नळावर एक छत ताणलेलं आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्याकडे नीट पाहिलेलं नसेल. भरल्या पोटी मान वर कोण करतो? ते छत म्हणजे मी. मी एक जुना फ्लेक्स आहे. सावंगीच्या या मेसमध्ये येण्याआधी मी इथल्याच एका बँकेच्या दारावर झळकत होतो, आणि झळकणं हा शब्द मी उगाच वापरत नाही. समोरून एसटी गेली की खिडकीतली माणसं माझ्याकडे वळून पाहायची.

आता माझे रंग उतरले आहेत, दोन कोपऱ्यांना दोऱ्या बांधून बांधून चिरा गेल्या आहेत, आणि तुमच्या मेसची मांजर दुपारी माझ्यावर झोपते. तरी मी दुःखी नाही. का नाही, ते सांगायचं तर मला जन्मापासून सुरुवात करावी लागेल. तुम्हाला घाई असेल, प्रॅक्टिकल असेल, पण ताट धुऊन होईपर्यंत तरी ऐका.

वर्ध्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका छपाईच्या दुकानात मी जन्मलो. त्याआधी मी एका लांबलचक पांढऱ्या गुंडाळीचा भाग होतो. माझ्या आधीच्या तुकड्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा छापल्या गेल्या, माझ्या नंतरच्यावर दहावीचे गुणवंत विद्यार्थी. मधला तुकडा मी. यंत्राचं डोकं माझ्या अंगावरून सरसर इकडून तिकडे फिरलं, शाईचा वास सुटला आणि पाहता पाहता माझ्यावर एक कुटुंब उमटलं. आई, बाप, दोन मुलं आणि मागे लाल कौलांचं घर. चौघंही हसत होती. बापाने स्वेटर घातला होता. मला बाहेर टांगलं तेव्हा मे महिना होता, वर्ध्याचा डांबरी रस्ता चपलेला चिकटत होता, आणि माझा बाप स्वेटर घालून हसत होता. चित्र मुंबईच्या मोठ्या ऑफिसातून आलं होतं. तिथल्या साहेबांच्या खोलीत एसी चांगला असावा.

पण माझी खरी शान त्या कुटुंबात नव्हती. ती होती मधोमध, माझ्या छातीवर, पिवळ्याधमक रंगात: ८.३५%. घराच्या कर्जावरचा व्याजदर. आकडा एवढा मोठा, की पलीकडच्या पानठेल्यावरून चष्मा न लावता वाचता यावा. त्याच्या पुढे बारीक अक्षरांत ‘पासून’ एवढा एक शब्द होता आणि टक्क्याच्या खांद्यावर एक चिमुकली चांदणी. सगळ्यात खाली मुंगीच्या पावलांसारखी एक ओळ होती.

मला बसवायला डोमाजी आला. डोमाजी चौकटी करतो, फ्लेक्स बांधतो, आणि काटकसरीचा माणूस आहे. बँकेच्या दारावरची लोखंडी चौकट माझ्यापेक्षा वीतभर आखूड निघाली. नवी चौकट करायची तर नवा खर्च. त्याने माझी खालची कड मागे दुमडली आणि तारेने आवळून टाकली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो सगळ्यांनाच तसं बसवतो, निवडणुकीत कितीतरी उमेदवारांचे पाय त्याने असेच दुमडले आहेत. त्या दुमडीत ती मुंगीच्या पावलांची ओळ गेली आणि मीही तिला विसरलो. आपल्या पाठीमागे काय आहे ते कुणाला दिसतं?

मग माझे वैभवाचे दिवस सुरू झाले. माझ्या बरोबर खाली, बँकेच्या पायरीला लागून, नलूबाईचा चहाचा ठेला होता. सकाळी दवाखान्यातले कर्मचारी, दुपारी शिक्षक, संध्याकाळी तुमच्यासारखी पोरं. सगळे चहा पीत आणि माझ्याकडे पाहत. कुणी म्हणे, दुसऱ्या बँकेचा दर साडेआठ आहे, हीच बरी. कुणी माझा फोटो काढून बायकोला पाठवी. मला वाटायचं, या रस्त्यावरची निम्मी घरं माझ्याच भरवशावर उभी राहत आहेत. गर्व होताच मला. एवढा मोठा आकडा छातीवर असल्यावर कुणाला नसता झाला?

अशाच एका संध्याकाळी धनंजय आणि वर्षाली माझ्या खाली येऊन उभे राहिले. वर्षालीताईंना तुम्ही रोज पाहता. ज्या तुम्हाला ‘पोळी घे अजून, बारीक झाला’ म्हणून दटावतात त्याच. तेव्हाही त्या इथेच, याच घरात मेस चालवत होत्या, पण घर भाड्याचं होतं. धनंजयराव जवळच्याच एका खाजगी कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतात. मूळचे कारंजा घाडगेकडचे, घरी शेती. नोकरी करारावरची, दर वर्षी नवी सही.

घराचे मालक बंडोपंत, कॉमर्सचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचा मुलगा मिहिर पुण्याला. आता वय झालं, म्हणून बंडोपंत आणि इंदिराकाकू मुलाकडे राहायला जायचं म्हणत होते आणि घर विकायचं ठरवलं होतं. एक डॉक्टर रोख पैसे घेऊन तयार होते. पण बंडोपंतांनी वर्षालीला बोलावून सांगितलं होतं की पहिला हक्क तिचा, दसऱ्यापर्यंत ते कुणाला शब्द देणार नाहीत. घर गेलं असतं तर नुसतं छप्पर गेलं नसतं, मेससुद्धा गेली असती. हॉस्टेलच्या इतक्या जवळ, मागे अंगण आणि विहीर असलेली दुसरी जागा सावंगीत मिळणार कुठे?

धनंजयरावांनी मोबाइल काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. बावीस लाख, वीस वर्षं, आठ पूर्णांक पस्तीस. त्यांचा चेहरा उजळला.

“एकोणीस हजाराच्या आत बसून राह्यलं, वर्षाली. भाडं वाचते, वरचे मेसमधून निघते. जमते आपल्याले.”

वर्षालीताई म्हणाल्या, आत जाऊन एकदा विचारून घेऊ. धनंजयराव हसले. विचारायचं काय, एवढं मोठं लिहून तर ठेवलं आहे, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. मित्रांनो, मी वाऱ्यावर मुद्दाम थोडा फडफडलो. त्याच रात्री त्यांनी बंडोपंतांना दोन लाख रुपये इसार दिला. वर्षालीताईंच्या भिशीचे पैसे त्यात होते, देवकाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जपून ठेवलेले पैसे त्यात होते. करार असा, की दसऱ्यापर्यंत व्यवहार झाला नाही तर इसार बुडाला. आधी इसार, मग बँक. आपल्याकडे सगळे असंच करतात, कारण घर हातचं जाईल ही भीती आधी असते आणि व्याजाचा प्रश्न नंतर.

काही आठवड्यांनी दोघं बँकेतून बाहेर आले तेव्हा धनंजयरावांच्या हातात कागद होता आणि तोंडचं पाणी पळालं होतं. कागदावर नऊ पूर्णांक पासष्ट लिहिलं होतं. महिन्याला अठराशे रुपये जास्त. तेवढंच असतं तरी पोट मारून त्यांनी ते भरले असते. पण हप्ता वाढला म्हणून पगाराच्या मानाने तो बँकेच्या हिशेबात बसेना, आणि बँकेने रक्कमच बावीसवरून एकोणीस लाखांवर आणली. वरचे तीन लाख आणायचे कुठून? दसरा महिन्यावर आला होता.

धनंजयरावांनी माझ्याकडे बोट केलं. आजवर माझ्याकडे खूप बोटं झाली होती, पण असं नाही.

“हे पाह्य. हे एवढं मोठं थोबाड करून खोटं बोलून राह्यलं,” ते म्हणाले.

मला ते फार लागलं. मी खोटं बोललो नव्हतो. माझ्या छातीवर छापलं होतं तेच मी दाखवत होतो. पण मला बोलता येत नव्हतं, आणि बोलता आलं असतं तरी काय सांगणार होतो? हा दर नेमका कुणाला मिळतो, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? नलूबाईने किटलीवरून मान न उचलता म्हटलं, “दिसतं तसं नसतं, म्हणूनच जग फसतं, भाऊ.” त्या क्षणी वारा पडला आणि मी चौकटीत तसाच लोंबत राहिलो.

तेवढ्यात रीता मॅडम चहाला बाहेर आल्या. त्या नागपूरच्या, कर्जाचं टेबल त्यांच्याकडे. आत खुर्चीत बसून जे सांगता आलं नव्हतं ते त्यांनी ठेल्यावर उभं राहून सांगितलं. त्यांनी आधी विचारलं की धनंजयरावांच्या घरी कापूस आहे ना, आणि बाजार समितीच्या फळ्यावर जो भाव लिहिलेला असतो तो त्यांच्या बाबांच्या, रूपरावांच्या गाडीला मिळतो का.

धनंजयराव चिडलेले होते, तरी उत्तर देऊन गेले. “नाई. तो पहिल्या नंबरच्या मालाचा. आपली ओल पाहते, माल पाहते, अन् मंग कापते.”

“मग हाही तसाच फळा समजा,” मॅडम माझ्याकडे पाहून म्हणाल्या. “भाव खरा आहे. पण तो पहिल्या नंबरच्या मालाचा आहे.”

मग त्यांनी सांगितलं की बँकही माल पाहते. नोकरी पक्की की कराराची, घराच्या किमतीतला किती वाटा माणूस स्वतः घालतो, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आधीची कर्जं त्याने कशी फेडली. त्याचे गुण ठरतात, सिबिलचा स्कोअर म्हणतात तो हाच. गुण चांगले तर दर खाली, गुण कमी तर दर वर. माझ्यावरचा आकडा सगळ्यात वरच्या गुणांचा. करारी नोकरीमुळे धनंजयरावांचा दर थोडा वाढला होता, पण खरी ओल दुसरीकडेच लागली होती. कारंज्याच्या ओमप्रकाश नावाच्या माणसाने संत्री वाहायला ट्रक घेतला होता. त्या कर्जाला जामीन म्हणून धनंजयरावांची सही होती. काही हप्ते उशिरा गेले होते, आणि थकबाकी अजून दिसत होती. कर्जदाराचा हप्ता चुकला की जामीनदाराचेही गुण कापले जातात.

वर्षालीताई धनंजयरावांकडे वळल्या.

“कोणता ट्रक?” त्यांनी विचारलं.

मित्रांनो, भीड ही भिकेची बहीण, असं जुने लोक म्हणतात ते काही उगाच नाही. आपल्याकडे मित्र कागद घेऊन आला की माणूस चहा मागवतो आणि कागद न वाचता सही करतो. कागद वाचला तर मित्राला वाईट वाटेल. आणि सही केल्यावर ‘हप्ता भरला का’ असं विचारणं म्हणजे तर मोठा अपमान, त्याच्या इमानावरच संशय घेतल्यासारखं. म्हणून कुणी विचारत नाही. घरीही सांगत नाही, कारण नुसती सही तर होती, त्यात सांगायचं काय? धनंजयराव आणि ओमप्रकाश एका बाकावर शिकले होते, एका ताटात जेवले होते. सही करून दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत दोघं पाच-सात वेळा भेटले होते. पावसाबद्दल बोलले, संत्र्याच्या भावाबद्दल बोलले, ट्रकच्या हप्त्याबद्दल मात्र एकदाही नाही.

वर्षालीताईंनी नलूबाईचे पैसे दिले आणि त्या चालू लागल्या. मी त्यांना वळणापर्यंत पाहत होतो. इतक्या उंचीवरून सगळं दिसतं, पण धावत जाता येत नाही, हे दुःख मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा आले. बँकेत जायचं होतं, पण धनंजयराव पायरीवरच बसले. इसार बुडाला तर बुडू दे, पण ओमला फोन करून पैशाचं विचारणं आपल्याने होणार नाही, असं त्यांचं चाललं होतं. त्याच्या मनाला किती लागेल, गावात काय म्हणतील, त्याची आई काय म्हणेल. वर्षालीताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज वाढला नाही, उलट खाली आला.

“तुम्ही विचारलं नाई, म्हणून त्यानं सांगतलं नाई. दोघंबी एकमेकाची लाज राखून राह्यले, अन् घर माह्यं जाऊन राह्यलं.”

धनंजयरावांनी नंबर लावला. ते काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण समोरून लागोपाठ दोन बस गेल्या. पण फोन ठेवल्यावर त्यांनी बाहीने डोळे पुसले हे मी पाहिलं.

त्याच दिवशी दुपारी एक माणूस कारंज्याच्या बसमधून उतरला आणि सरळ माझ्या खाली आला. उंच, उन्हाने काळवंडलेला, हातात संत्र्यांची पिशवी. एवढ्या संकटात संत्री आणायची काय गरज होती, पण रिकाम्या हाताने मित्राकडे जायचं कसं? तोच ओमप्रकाश. त्याने सांगितलं की ट्रकचा गिअरबॉक्स गेला तेव्हा तीन हप्ते राहिले होते. पुढे त्याने ते सगळे भरले, पण दंडाची रक्कम तशीच राहिली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. त्या शेपटाने इथे सावंगीला कुणाचं घर अडवलं असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

“फोन काऊन नाई केला तू?” धनंजयरावांनी विचारलं.

ओमप्रकाश पायरीवर बसला. “कसा करू? तू सही केली अन् मीच हप्ते चुकवले. तू एक डाव इचारलं असतं धन्या, तं मी त्याच दिवशी रडून मोकळा झालो असतो.”

नलूबाईने न सांगता दोघांपुढे चहा ठेवला आणि त्या दिवशी त्या चहाचे पैसे घेतले नाहीत. नंतर दोघं उठले, वर्ध्यात त्या फायनान्सवाल्यांच्या ऑफिसात गेले आणि शेपूट भरून आले. ओमप्रकाशने स्वतःच्याच खिशातून भरलं. धनंजयराव देऊ लागले तर त्याने घेतले नाहीत.

पण गोष्ट एवढ्यावर सुटली नाही. रीता मॅडमनी स्पष्टच सांगितलं की थकबाकी मिटली हे नोंदीत यायला वेळ लागतो, आणि गुण परत वर चढायला त्याहून जास्त. ओला कापूस उन्हात घातला म्हणून दुपारपर्यंत सुकत नाही. दसरा मात्र थांबणार नव्हता. त्या ठेल्यावर उभ्या राहून विचार करत होत्या. मग त्यांनी एकदम वर्षालीताईंना विचारलं की मेस कोणाची आहे.

“माही,” ताई म्हणाल्या.

“मग अर्जावर तुमचं नाव दुसरं का?”

धनंजयराव चाचरत एवढंच म्हणाले, की सगळे असंच लिहितात. घरातल्या पुरुषाचं नाव आधी, बायकोचं नाव सहीपुरतं. मेसचे पैसे म्हणजे घरखर्चाचे पैसे, त्याला कमाई कोण म्हणतो? पण मित्रांनो, तुम्ही दर महिन्याला मोबाइलवरून जे पैसे भरता ते सगळे ताईंच्या खात्यात नोंदलेले होते. मोठ्या फ्रिजसाठी त्यांनी घेतलेलं कर्ज एकही हप्ता न चुकता फिटलेलं होतं. आणि बंडोपंतांनी, सवय सुटत नाही म्हणून, तीन वर्षांपासून त्यांना इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला लावलं होतं. ताई तेव्हा कुरकुरायच्या की भाजी निवडायची सोडून हे काय लावलं. आता तेच कागद कामाला आले.

नवा अर्ज गेला. वर्षालीताई मुख्य अर्जदार, धनंजयराव खाली. या बँकेत मुख्य अर्जदाराचे गुण धरून दर ठरायचा, आणि बाईच्या नावावर घर असेल तर थोडी सूटही होती. ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ताई रोज सकाळी भाजीची पिशवी घेऊन समोरून जायच्या आणि आत डोकवायच्या. रीता मॅडम काचेतून नुसती मान हलवायच्या, अजून नाही. एकदा ते रोखवाले डॉक्टरही बंडोपंतांबरोबर ठेल्यावर आले. त्यांनी किंमत वाढवून दिली. बंडोपंतांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “दसऱ्यापर्यंत मी शब्द दिलेला आहे. दसरा अजून झालेला नाही.”

घटस्थापना झाली. रस्त्यावर झेंडूचे ढीग दिसू लागले. आणि दसऱ्याच्या थोडे दिवस आधी, एके दुपारी बँक बंद व्हायच्या वेळी, दोघं बाहेर आले. या वेळी कागद वर्षालीताईंच्या हातात होता. मेसची कमाईही धरली, म्हणून रक्कम पूर्ण. दर आठ पूर्णांक पंचाहत्तर.

ताई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी अंग चोरलं. माझ्या छातीवर अजूनही आठ पस्तीस होतं, आणि त्यांच्या हातात आठ पंचाहत्तर. महिन्याला साडेपाचशेचा फरक, शिवाय प्रक्रियेचं शुल्क वेगळं. आता काय ऐकावं लागतं म्हणून मी वाट पाहत होतो.

“याच्याइतका नाई मिळाला,” धनंजयराव म्हणाले.

“नसू दे. याचा भाव याच्यापाशी,” ताई म्हणाल्या. “हा आपल्या मालाचा आहे.”

आणि त्या हसल्या. इतके दिवस माझ्यावरची चार छापील माणसं हसत होती, पण माझ्या खाली उभं राहून कुणी असं हसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझं मन भरून आलं. दसऱ्याच्या दिवशी दोघांनी बंडोपंतांच्या आणि इंदिराकाकूंच्या हातावर सोनं ठेवलं, म्हणजे आपट्याची पानं. बाकीचं बँकेने दिलं.

रीता मॅडम मुंबईहून येणारे फ्लेक्स बदलू शकत नव्हत्या. पण त्या आठवड्यात त्यांनी एका पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहून दाराला लावलं: ‘इसार देण्याआधी आत येऊन तुमचा दर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.’ पुठ्ठा साधा होता, अक्षरं थोडी तिरकी होती. पण माझ्याकडे पाहून थांबलेली माणसं तो वाचून आत जाऊ लागली. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला नाही. माझा आकडा माणसांना रस्त्यावरून पायरीपर्यंत आणायचा, तो पुठ्ठा त्यांना पायरीवरून आत न्यायचा. दोघांनी मिळून काम झकास चाललं.

पुढे व्याजदर उतरले. माझा आकडा जुना झाला. डोमाजी नवा फ्लेक्स घेऊन आला, त्यावर माझ्याहून लहान आकडा आणि शाल पांघरलेली एक बाई. मला काढून गुंडाळलं आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. धूळ बसली, पावसाचं पाणी साचलं. शिपाई मला नाल्याकडे नेऊन टाकणार, असं बोलणं मी ऐकलं. मित्रांनो, ज्याच्याकडे पाहून लोक घराचं स्वप्न बघत होते, त्याला नाल्यात पडायचं होतं. ते दिवस फार वाईट होते. एके दिवशी ताई हप्त्याच्या कामाने बँकेत आल्या आणि त्यांनी मला ओळखलं. मला मागून घेतलं. धनंजयरावांनी स्कूटरवर मला आडवं धरून आणलं, आणि वाटेत माझं एक टोक सारखं त्यांच्या कानाला लागत होतं.

अंगणात डोमाजीनेच मला या नळावर ताणलं. छापील बाजू खाली, ताईंनीच तशी सांगितली. या वेळी बांबू लांब होते, त्यामुळे तार सोडून त्याने माझी दुमडलेली कड उलगडली. आणि ती मुंगीच्या पावलांची ओळ इतक्या वर्षांनी उजेडात आली. तुमच्यातल्याच एका मुलीने, स्वरदाने, हातातलं ताट तसंच धरून ती मोठ्याने वाचली: ‘अटी लागू. प्रत्यक्ष व्याजदर अर्जदाराचे उत्पन्न, परतफेडीचा इतिहास व कर्जाची रक्कम यांनुसार वेगळा असू शकतो.’ ताई इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. डोमाजी पान थुंकून म्हणाला, चौकट आखूड होती, त्याले मी का करू.

तुम्ही उद्या कमवाल. कुणी शिक्षणाचं कर्ज घ्याल, कुणी दवाखान्यासाठी, कुणी घरासाठी. माझ्यासारखे फ्लेक्स तुम्हाला प्रत्येक चौकात भेटतील. आम्ही खोटे नसतो, पण आम्ही अर्धंच बोलतो. आमच्याकडे पाहून घराचं स्वप्न जरूर बघा, पण खिशात हात घालण्याआधी आत जाऊन तुमचा स्वतःचा दर विचारा. आमची खालची कड दुमडलेली असेल तर उलगडून पाहा. हप्ते वेळेवर भरा, आपलं नाव स्वच्छ ठेवा, तेच तुमचा भाव ठरवतं. आणि आमचं काम संपलं की आम्हाला नाल्यात टाकू नका. आम्ही कुजत नाही, वर्षानुवर्षं तिथेच तुंबून राहतो. कुणाच्या तरी नळावर, सरपणावर, गोठ्यावर आम्हाला जागा द्या.

मी दुःखी का नाही, ते सांगायचं राहिलंच. ओमप्रकाशच्या ट्रकचं कर्ज अजून चालू आहे, आणि दर महिन्याला हप्ता भरला की तो धनंजयरावांना पावतीचा फोटो पाठवतो. मागच्या महिन्यात फोटो आला नाही. धनंजयराव संध्याकाळी इथे माझ्या खाली फेऱ्या मारत होते. एकदा नळ उघडला, एकदा बंद केला. ताई आतून पाहत होत्या. शेवटी धनंजयरावांनी फोन लावला आणि दोन वर्षांत ज्याला तोंड फुटलं नव्हतं ते वाक्य सरळ बोलले.

“ओम, हप्ता भरला का रे?”

पलीकडून हसण्याचा आवाज इतका मोठा आला की माझ्यावर झोपलेली मांजर उठली.

“सकाळीच भरला. म्हटलं पाहू, आता तरी इचारते का नाई.”